जुन्या मारुती ८०० ला मोटर-बॅटरी बसवून डिकीत जनरेटर ठेवला, तर रेंज वाढेल का?

वाढेल, पण पेट्रोल वाचणार नाही. ताशी ६० च्या वेगाला एवढ्या गाडीला साधारण ५-६ किलोवॅट लागतात. दुकानातला २ केव्हीएचा जनरेटर जेमतेम दीड देतो. म्हणजे बॅटरी उतरतच राहणार, फक्त जरा सावकाश. बीएमडब्ल्यूच्या आय३ या विजेच्या गाडीत याच कामासाठी ६४७ सीसीचं इंजिन होतं! शिवाय लहान जनरेटर एक लिटरमध्ये दीड-पावणेदोन युनिट वीज देतो, त्यात गाडी फार तर १५-२० किमी जाईल. मूळ इंजिन काय वाईट होतं?

आणि डिकी बंद करून तो चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आरटीओची मंजुरीही अशा जुगाडाला मिळत नाही. त्याच पैशांत बॅटरी वाढवा.