‘खिलाफतचे छावे’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की आयसिसमध्ये सामील व्हायला गेलेल्या परदेशी आईबापांच्या, सीरियातल्या कॅम्पांत अडकलेल्या मुलांबद्दल इंग्रजी बातम्यांत ‘कब्ज ऑफ द कॅलिफेट’ येतं, त्याला मराठीत ‘खिलाफतचे छावे’ (खिलाफत म्हणजे आयसिसनं जाहीर केलेलं इस्लामी राज्य) म्हणायचं की ‘आयसिसची पिल्लं’. माझ्या मते दोन्ही नको.

मुळात हा शब्द पत्रकारांचा नाहीच, आयसिसचा आहे. अरबीत शिब्ल म्हणजे सिंहाचा छावा, अनेकवचन अश्बाल, आणि ज्या पोरांच्या हातात बंदुका देऊन ते प्रचाराचे व्हिडिओ काढायचे त्यांना ते ‘अश्बाल अल-खिलाफा’ म्हणायचे, तेव्हा आपण छावे लिहिलं की त्यांचाच प्रचार पुढे नेतो. शिवाय मराठीत छावा म्हटलं की संभाजी महाराज आठवतात, ते शौर्याचं वजन इथे कशाला? पिल्लं म्हटलं तर उलटंच होतं, वाचणारा मनातल्या मनात ‘सापाचं पिल्लू सापच’ म्हणून मोकळा होतो.

आणि ही मुलं आहेत कोण ते बघा ना. मार्च २०१९ मध्ये बागूझ हा आयसिसचा सीरियातला शेवटचा बालेकिल्ला पडला त्यानंतर ईशान्य सीरियातल्या एकट्या अल-होल कॅम्पात ७०,००० च्या वर माणसं झाली, निम्म्याहून जास्त मुलं, त्यातली बरीचशी १२ वर्षांच्याही आतली, काही तर तिथेच जन्मलेली. शाळकरी वयात आयसिसकडे गेलेली आणि ब्रिटननं जिचं नागरिकत्व काढलं त्या शमीमा बेगमचं तान्हं बाळ त्याच मार्चमध्ये कॅम्पात असताना दगावलं, तीन आठवड्यांचंही नव्हतं. त्याला छावा म्हणणार की पिल्लू?

ज्यांना खरंच भरती केलं होतं त्यांच्यासाठी २००७ च्या पॅरिस तत्त्वांतला (युद्धात भरती केलेल्या मुलांबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) शब्द आहे, ‘सशस्त्र गटांशी संबंध आलेली मुलं’. लांबलचक आहे खरा, पण त्यात बंदूक न धरलेली, स्वयंपाकाला नाहीतर ओझी वाहायला जुंपलेली पोरंही येतात, मुलीही येतात. नुसती तिथे जन्मलेली मात्र त्यातही बसत नाहीत.

‘मायदेशी परतणार’ हेही जपून वापरा, जो देश पाहिलाच नाही तिथे परतणार कसं? कझाकस्ताननं २०१९ मध्ये शेकडो मुलं विमानानं आणली, तिथे ‘आणली’ हेच क्रियापद बरोबर. हेडलाइनसाठी ‘सीरियातल्या कॅम्पांत अडकलेली परदेशी मुलं’ एवढं पुरे, आईबाप कोण होते ते खाली बातमीत एका वाक्यात सांगता येतं.