मुलांना खरे-खोटे मेसेज ओळखायला कसं शिकवावं?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय: 'आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल' असा मेसेज वाचून सातवीतल्या मुलाने त्यातल्या नंबरावर फोन लावला. आता त्याला शिकवायचं कसं?

फक्त खोटे मेसेज दाखवून शिकवू नका. मग मूल दिसेल त्याला 'फेक' म्हणत सुटतं. तुमच्याच फोनमधले दहा मेसेज काढा, सहा खरे, चार खोटे: बँकेचे, गॅसचे, कुरिअरचे. प्रत्येकाला एकच प्रश्न: हा माझ्याकडून काय करून घेऊ पाहतोय? शुद्धलेखनाच्या चुका शोधून आता भागत नाही, खोटे मेसेजही स्वच्छ मराठीत येतात. घाई आणि धाक तेवढे लपत नाहीत.

मग पाठवणारा बघा. सरकारी खात्याचा किंवा बँकेचा एसएमएस साध्या दहा आकडी मोबाइलवरून येत नाही. तिथे अक्षरी नाव असतं, आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी हायफन देऊन पी, एस, टी किंवा जी लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

सर्वांत जास्त वेळ लिंक वाचण्यावर द्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'गोवा डॉट जीओव्ही डॉट इन डॉट बिल-अपडेट डॉट टॉप स्लॅश पे'. सुरुवातीचा जोडस्लॅश असला तर तो सोडून पहिल्या एकट्या स्लॅशवर मुलाचं बोट ठेवा आणि डावीकडे सरकवायला सांगा. बोटाखाली आधी 'टॉप' येतं, मग 'बिल-अपडेट'. मालक तोच; पुढचं 'गोवा डॉट जीओव्ही डॉट इन' निव्वळ सजावट. बहुतेक खऱ्या सरकारी पत्त्यांत स्लॅशच्या लगेच डावीकडे 'जीओव्ही डॉट इन' असतं. चार-पाच पत्ते असे बोटाने वाचले की नजर बसते. एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, मात्र लग्नपत्रिका म्हणून आली तरी उघडायची नाही, तिथे तपासणीही नको.

पावसाळ्यात 'उद्या शाळांना सुट्टी' हे शिक्षण संचालनालयाचं परिपत्रक फिरतं, ते खरं असूनही जुनं असू शकतं. वरची तारीख आधी वाचायची. व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज अनेक हातांतून आलाय.

मित्राच्याच नंबरावरून 'माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे गेला, पाठव' असं आलं, तर कोड न देता त्याला फोन लावायचा. बहुतेक वेळा त्याचं व्हॉट्सअॅप खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

आणि त्याने फोन लावला म्हणून रागावू नका, कळकळीने सांगतो. बोलणी खाल्लेलं मूल पुढच्या वेळी लपवतं, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन झाला तरच ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. तो नंबर फ्रिजवर चिकटवा, त्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.