शार्लट कुशमन कोण होती? ती खरंच समलिंगी होती का?

हो. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेची सगळ्यात गाजलेली नटी. जन्म बॉस्टनचा, १८१६. आधी ऑपेरात गायची. न्यू ऑर्लिन्सला आवाज गेला आणि तिने १८३६मध्ये तिथेच थेट शेक्सपिअरच्या नाटकातली लेडी मॅकबेथ केली.

पण तिचं मोठं काम म्हणजे रोमिओ. डिसेंबर १८४५, लंडनचं हेमार्केट थिएटर. ज्युलिएट होती सख्खी धाकटी बहीण सुझन! हा रोमिओ पुरुष नटांपेक्षा सरस, असं समीक्षकांनीही मानलं.

तिचा संसार बायकांबरोबरच झाला. अनुवादक मटिल्डा हेज बरीच वर्षं सोबत होती. दोघी एकसारखे कपडे घालायच्या. १८५७च्या सुमारास रोममध्ये त्यांचं फाटलं. मग शिल्पकार एमा स्टेबिन्स आली, ती शार्लटच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७६पर्यंत. शार्लटला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा सगळं करणारी हीच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बेथेस्डा कारंज्यावरचा देवदूत तिनेच घडवलाय.

मधल्या काळात एमा क्रो या तरुणीवरही शार्लटचा जीव जडला. ती पुढे शार्लटच्या भाच्याची बायको झाली, तरी ओढ संपली नाही. ‘पत्रं जाळून टाक,’ असं शार्लट तिला बजावायची. एमा क्रोने ती जपली, म्हणून आज हे सगळं ठामपणे सांगता येतं.