माळ घातली, तरी तिसऱ्या दिवशी पाकीट

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. नवरा ३८ वर्षांचा, रोज दारूची नव्वद मिलीची चार पाकिटं लागतात. सासरे पिऊन याला पट्ट्यानं मारायचे. हा माळ घालतो, थरथर सुरू होते, तिसऱ्या दिवशी परत पितो. जाऊबाई म्हणतात, आमटीत पावडर घाल. मुलगा १२ वर्षांचा, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर : ताई, पावडर अजिबात नको. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू गेली, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. हे औषध माणसाला सांगून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, डॉक्टरच देतात.

थरथर म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. दारू एकदम थांबली की ६ ते २४ तासांत हात कापतात. फीट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भिंतीवर किडे दिसणं, घरच्यांना न ओळखणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तुमचा तिसरा दिवस नेमका त्यातला. म्हणून घरी एकदम बंद करू नका. बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय गाठा. गावात सलाईन लावायचीच वेळ आली, तर ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

खरी परीक्षा पुढे. दारू उतरली की जुनं वर येतं. झोप उडते, कडी वाजली की दचकतो, दिवेलागणीला अंगावर धावून येतो. लहानपणी त्याच वेळी वडिलांच्या चपला वाजायच्या ना? ती भीती दारूनं दाबलेली होती. अशा वेळी घरचेच म्हणतात, 'यापेक्षा प्यायलेला बरा होता.' तिथंच घात होतो. संध्याकाळी ६ ते ८ सांभाळा : सहालाच पोटभर खायला द्या, भुकेनं तलफ वाढते. दुकानाची वाट टाळा, सोबत कुणीतरी असू द्या. माराच्या आठवणी पहिल्याच आठवड्यात उकरू नका. झोप बसल्यावर ते काम समुपदेशकाकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. हात उगारला तर मात्र पोलिसांच्या मदतीसाठी ११२.

मुलाला पाकीट आणायला धाडू नका. 'बापाच्या वळणावर गेलाय' हे चिडूनही कुणी म्हणू नये. बाबांना आजार आहे, तुझ्यामुळे नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. आणि भांडण पेटलं तर रात्री कुठल्या घरी जायचं, ते आजच ठरवून त्या घरीही सांगून ठेवा.