कॉलेजात असताना दोघांनी मिळून पाळलेला बोका नाते डळमळले तर कोणी ठेवावा?

आपण लिहिले आहे की दुसऱ्या वर्षाला असताना आपण व आपल्या मित्राने मिळून एक बोका दत्तक घेतला, आता आपल्याला बेंगळुरूला नोकरी लागली आहे, मित्र पुण्यातच राहणार आहे आणि नाते टिकेल की नाही याची दोघांनाही खात्री नाही. तर बोका कोणी ठेवावा? माझे उत्तर असे की ज्याचे बिऱ्हाड कमी हलणार आहे, त्याने. पिल्लू प्रथम कोणी उचलले, डॉक्टरांचे पैसे कोणी भरले, जीव कोणाचा अधिक, हे प्रश्न आपल्यासाठी मोठे असले तरी बोक्याला त्यांच्याशी काही देणेघेणे नाही.

पुण्यात शिकत असताना मी आणि माझ्या तेव्हाच्या मित्राने पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली सापडलेली मांजरी पाळली होती. मी कॉट बेसिसवर राहत असल्याने ती त्याच्या भाड्याच्या खोलीवर असे आणि मी रोज संध्याकाळी तिथे जात असे. पुढे आमचे जमले नाही, तरी आम्हा दोघांचाच एक व्हॉट्सॲप गट होता, त्यात लसीच्या तारखा आणि मांजरीच्या शी-शूसाठी लागणाऱ्या वाळूच्या पिशव्यांचे हिशेब बरेच दिवस येत राहिले. मांजरी त्याच्याकडेच राहिली आणि ते योग्यच झाले असे मला आजही वाटते. (तो माणूस म्हणून कसा होता, हा वेगळा विषय आहे.)

मांजर जितके माणसाला धरून असते तितकेच, किंबहुना काकणभर अधिकच, जागेला धरून असते. दाराच्या चौकटीवर, टेबलाच्या पायावर ते गाल घासते, तेव्हा गालावरील ग्रंथींचा वास तिथे लावून ही जागा आपली आहे अशी खूण करत असते. आमची मांजरी मी आले की आधी माझ्या सँडलचे बंद हुंगून त्यांवर गाल घासायची आणि मगच मांडीवर यायची. बाहेरचा वास पुसल्याशिवाय मला घरात घ्यायची तिची तयारी नसे. म्हणूनच ‘महिनाभर तुझ्याकडे, महिनाभर माझ्याकडे’ ही वाटणी दिसायला कितीही न्याय्य असली तरी करू नये. सतत जागा बदलण्याच्या ताणाने मांजरे खाणे सोडतात, लपून बसतात, वाळूबाहेर लघवी करतात, आणि बोक्यांमध्ये तर मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो तुंबण्याची भीती असते. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतो आहे पण लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे, कारण तो जिवावरचा प्रसंग असतो.

कायद्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. स्पेनमध्ये 2022 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार घटस्फोटाच्या वेळी पाळीव प्राण्याचे हित पाहून त्याचा ताबा ठरवता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही, प्राणी ही मालमत्ताच मानली जाते, आणि इथे तर लग्नही झालेले नाही. मात्र प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे ‘कोणालाच जमणार नसेल तर सोडून देऊ’ असे सुचवणाऱ्या मित्रमंडळींना जरूर सांगावे. घरात राहणारे मांजर पंधरा वर्षेही सहज जगते. तेव्हा कोणाच्या नावावर ठेवायचे ते आताच, भांडण नसताना, ठरवून लसीकरणाची वही त्याच्या हाती द्यावी. खर्चाचा अर्धा वाटा पाठवत राहण्याची भाषा मात्र दोघांनीही करू नये, असे माझे मत आहे. चार-सहा महिन्यांत पैसे मागणे आणि चौकशी करणे यांतला फरक नाहीसा होतो.

आपल्या मित्राची पुण्यातली खोली पक्की नसेल, किंवा त्याला फिरतीचे काम असेल, तर गोष्ट उलट होते आणि बोका आपण न्यावा. त्यासाठी आधी बेंगळुरूचे घर घ्यावे, प्राणी ठेवण्याची परवानगी भाडेकरारात लिहून घ्यावी, खिडक्यांना जाळी बसवावी. गेल्यावर त्याला सगळे घर एकदम मोकळे न करता एकाच खोलीत ठेवावे आणि त्याची जुनी, न धुतलेली गोधडी व नेहमीचेच खाणे तिथे द्यावे. पहिल्या दिवशी तो कपाटामागे बसून राहिला तर ओढून काढू नये, पण दुसऱ्या दिवशीही काही खाल्ले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. हे सारे जमेपर्यंत तो पुण्यातच राहू द्यावा.