पळस की पलाश

प्रिय सोन्या,

रविवारी फोनवर तू बाळासाठी पळस हे नाव सांगितलंस आणि मी क्षणभर गप्प झाले. त्यावर तू विचारलंस, "आई, आपल्यात नाव बाळासाठी ठेवतात की नातेवाइकांसाठी?" ते मला लागलं. मुलाला झाडाचं नाव कुठे ठेवतात, हे वाक्य जिभेवर आलं होतं आणि ते मी गिळलं, हे खरं आहे. म्हणून आता नीट लिहिते. ठरवायचं तुम्ही दोघांनीच.

खरं तर माझ्या लहानपणी बडोद्यात, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत, अशी नावं पावलोपावली होती. वसंत, शरद, हेमंत, शिशिर. वर्षा मुलींकडे गेली, आणि सहा ऋतूंतला एकटा ग्रीष्म तेवढा कानावर आला नाही. पंकज, नीरज, अरविंद, राजीव ही सगळी कमळंच. त्याच्या आधीच्या पिढ्यांत दगडू आणि धोंडू असत. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली ती नावं. त्यात धाक होता आणि मायाही. आणि आपल्या गावाचं नाव तरी काय? वटोदर, वडाच्या पोटातलं गाव, असाच अर्थ आम्हाला सांगत. तेव्हा तुझं नाव विचित्र नाही. ते फक्त आपल्या माणसांच्या कानांना सवयीचं नाही.

आता पळसाविषयी. फाल्गुनात पानं गळालेल्या फांद्यांवर तो केशरी पेटतो. गुजराती शेजारी त्या झाडाला खाखरो म्हणतात आणि फुलाला केसूडो. होळीचा रंग त्याच फुलांचा. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, मुंजीत बटूच्या हातात दंड पळसाचा असतो. त्यामुळे माईला हे नाव परकं वाटणार नाही. पण दोन गोष्टी ऐकायची तयारी ठेव. "पळसाला पाने तीनच" ही म्हण कुणीतरी म्हणणारच. आणि ज्यांनी सुभाषितं पाठ केली आहेत, ते किंशुकाला वास नसतो, विद्येशिवाय माणूस तसा, हे सांगतील. किंशुक म्हणजे पळसच. "किम् शुकः?", हा पोपट तर नव्हे? पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, त्यावरून आलेलं नाव. मला तर हेही नाव आवडलं असतं.

पळस की पलाश, यात मी पलाशच्या बाजूने आहे. ळ हा गुजरातीत आहे, इंग्रजीत नाही. रोमन अक्षरांत पळस लिहिलंस की तिथे इंग्लंडात तो पॅलेस होऊन बसेल. पलाश मात्र पॅलॅश झाला तरी ओळखू येतो, बंगालीत ते मुलाचं रुळलेलं नाव आहे, आणि संस्कृतात पलाश म्हणजे नुसतं पानसुद्धा. घरात पळस म्हणायला कोण अडवतंय?

तुझ्या यादीतली बाकीची नावंही मी मोठ्याने म्हणून पाहिली. किसलय, कोवळी पालवी, अर्थ फार सुंदर. पण रोमन लिपीत लिही आणि इंग्रज मुलाच्या डोळ्यांनी वाच. त्याचे जे दोन तुकडे पडतात ते शाळेत त्या पोराला सुखाने बसू देणार नाहीत. अरण्य आणि पर्जन्य यांच्या शेवटी जोडाक्षर आहे, त्यामुळे शेवटचा अ आपण पूर्ण उच्चारतो, आणि तिकडे 'या'ने संपणारं नाव मुलीचं समजतात. मलय म्हणजे चंदनाचा डोंगर आणि तिकडून येणारा वारा. गुजराती घरांत हे नाव सर्रास ठेवतात, पण इंग्रजीत तेच स्पेलिंग मलेशियाकडच्या लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं आहे. बकुळचं तर वेगळंच. गुजरातीत बकुलभाई असतात, मराठीत बकुळ मुलगी. बडोद्यात हे दोन्ही एकाच गल्लीत घडतं, तिथे कुणी गोंधळत नाही, पण पुण्याच्या काकूंना दर वेळी समजावून सांगावं लागेल. व्यंजनावर संपणारी निवडायची असतील तर विपिन, तमाल, कदंब, निर्झर आहेत. आषाढ-श्रावणात कदंबाला चेंडूसारखी फुलं येतात, तेव्हा बाळ त्या दिवसांतलं असेल तर विचार कर.

मुख्य म्हणजे नाव हाक मारून बघायचं. जिन्याखालून ओरडून, लाडाने, आणि साठीतल्या माणसाला मारल्यासारखं. मराठी माणूस नाव तोडून "या" लावतोच: पलाशचा पल्या होईल, ते चालेल. मंदारचा मंद्या होतो, त्यात मंद ऐकू येतं. मग "पलाशभाई" म्हणून बघ, रावपुऱ्याचा दुकानदार म्हणेल तसं. "पलाशकाका" म्हण. शेवटी फोनवर दवाखान्यातल्या अनोळखी बाईला नाव सांगितल्यासारखं अक्षर-अक्षर सांग. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर ठीक, चौथ्यांदा लागलं तर स्पेलिंग बदल.

नक्षत्राचं अक्षर तू विचारलं नाहीस, माई विचारेल. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. हस्ताला पू, ष, ण, ठ येतात. ण ने सुरू होणारं नाव आणणार कुठून? म्हणूनच आपल्याकडे नावरस नाव, म्हणजे या अक्षरावरचं नाव, पत्रिकेत राहतं आणि हाकेचं वेगळं असतं. या सोयीमुळे तू मोकळा आहेस. गुजराती शेजारी बहुधा राशीवर जातात: कन्येला प, ठ, ण. एक चूक मात्र करू नकोस. जन्मवेळ भारताच्या वेळेत बदलून बडोद्याच्या ठिकाणावर पत्रिका मांडू नका. तिथलीच वेळ आणि तिथलंच गाव द्या, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडचं घड्याळ एक तास पुढे असतं हे आवर्जून सांगा. चरण साधारण सहा तासांचा असतो, तास चुकला तर अक्षर सरकू शकतं. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, ती तर सहज चुकू शकते.

कागदाचं: तुमच्याकडे नोंदणीला ४२ दिवस आहेत. बारसं बाराव्या दिवशी केलं तरी पुष्कळ वेळ उरतो. नोंदणीआधी एक आठवडा ते नाव घरात वापरा. नोंदीनंतर १२ महिन्यांच्या आत पहिलं नाव बदलता येतं, पण तोवर पासपोर्ट निघालेला असेल तर सगळं पुन्हा. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे ते सयाजीराव १८७५ साली दत्तक गेले तोवर गोपाळ होते. नाव बदलतं, माणूस तोच राहतो, हे मी स्वतःलाही सांगते आहे.

आता आत्यानेच नाव ठेवावं हा माझा हट्ट. तो मी सोडत नाही, पण लादतही नाही. पाळणा, वरवंट्याचा गोप्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या", आणि आत्याने कानात कुर्र करून नाव सांगणं. बडोद्यात शेजारच्या फोईचं, म्हणजे गुजराती आत्याचं, याहून साधं असे: चार मुलांनी कापडाची टोकं धरायची, त्यात बाळ, पिंपळाचं पान, सुपारी, नाणं, आणि झोका देत "ओळी झोळी पीपळ पान, फोईए पाड्युं पलाश नाम". पाळणा मिळाला नाही तर हे करा. मुलं लहान असली तर कापडाखाली मोठ्यांनी हात धरायचे आणि झोका जमिनीपासून वीतभरच. पिंपळाचं पान तिथे मिळणार नाही. मी वहीत दाबून वाळवलेलं पाठवते. घुगऱ्यांना अर्धा किलो हरभरे रात्री भिजवा, वीसेक छोट्या वाट्या होतील. शिट्ट्या जास्त झाल्या तर सालं सुटतात, तीनवर थांबा.

आणि ताईला, म्हणजे बाळाच्या आत्याला, नाव आठवडाभर आधी कळव. तिला ते बाळाच्या कानात सांगायचं आहे, चिठ्ठीवरून वाचायचं नाही.

तुझी,
आई