आर्क्टिक किनारा आणि टुंड्रा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आर्क्टिक किनाऱ्यावरच्या आणि टुंड्रातल्या प्राणी-पक्ष्यांच्या अधिवासांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : टुंड्रात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५० मिलिमीटरही पडत नाही, म्हणजे ते वाळवंटच. मग छायाचित्रांत जिकडेतिकडे तळी कशी दिसतात? आणि त्या दलदलीत पक्षी अंडी घालतात तरी कुठे?

पाणी कमी पडते, पण पडलेले जात नाही. थंडीमुळे वाफ कमी होते आणि खाली मुरायला वाट नसते. उत्तर अलास्काच्या किनारी मैदानात उन्हाळा संपेपर्यंत जमीन वरून जेमतेम ३० ते ६० सेंटिमीटर वितळते. त्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन असते, आणि ती शेकडो मीटर खोल जाते.

पक्ष्यांच्या दृष्टीने खरी गंमत पृष्ठभागावर आहे. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने ही जमीन आकसून तडकते. वसंतात वितळलेले पाणी भेगेत उतरते आणि तिथेच गोठते. पुढच्या हिवाळ्यात भेग बहुधा त्याच जागी पडते. शेकडो-हजारो वर्षे हे चालू राहिले की भेगेच्या जागी बर्फाची पाचर तयार होते, वर रुंद आणि खाली निमुळती. ती फुगताना दोन्ही अंगांची माती वर रेटते आणि बांध उभा राहतो. विमानातून पाहिले तर १० ते ३० मीटर रुंदीचे बहुकोनी तुकडे दिसतात, कडेला बांध आणि मध्ये पाणी, अगदी भाताच्या खाचरांसारखे.

हे बांध साधारण अर्धा मीटरच उंच असतात, पण सगळे त्यावर ठरते. बांधावरचा बर्फ आधी वितळतो आणि जागा कोरडी राहते. सँडपायपर नावाचे पाणकाठचे छोटे पक्षी बरेचदा तिथेच घरटी करतात. त्यांतला सेमिपाल्मेटेड सँडपायपर चार अंडी घालतो आणि ती सुमारे २० दिवस उबवतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिल्याच दिवशी स्वतःचे खाणे स्वतः शोधू लागते. आईबाप भरवत नाहीत. त्यामुळे घरट्याशेजारी कीटकांनी भरलेले उथळ पाणी हवेच. या तळ्यांत चावऱ्या नसलेल्या चिलटांच्या अळ्या असतात. अलास्कातल्या काही तळ्यांत त्यांची वाढ पूर्ण व्हायला सात वर्षे लागतात, आणि मग त्या वर्षीची सगळी चिलटे काही दिवसांतच पाण्याबाहेर येतात. पिल्लांचे पहिले दिवस आणि हे दिवस जुळले तर पिल्ले जगतात.

बिघडते कसे तेही पाहू. अवजड वाहन गेले की शेवाळाचा थर दबतो. हा थर उष्णता खाली जाऊ देत नाही. तो गेला की खालची बर्फाची पाचर वितळू लागते आणि तिच्या जागी चर पडतो. बहुकोनातले पाणी त्या चरातून वाहून जाते, मधला भाग कोरडा आणि उंच उरतो. खडीच्या रस्त्याने वेगळे नुकसान होते. पसरट वाहणारे पाणी अडून एका बाजूला साचते, दुसरी बाजू सुकते. शिवाय रस्त्याची धूळ बर्फावर बसली की तो लवकर वितळतो. अलास्कात म्हणूनच हिवाळी वाहतूक तारखेवर सोडत नाहीत, मोजणीवर सोडतात. किनारी भागात ३० सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान उणे ५ अंशांपर्यंत उतरलेले हवे आणि वर किमान १५ सेंटिमीटर बर्फ हवा. नियम चांगला आहे, पण बर्फ वाऱ्याने सारखा पसरत नाही, आणि उघड्या पडतात त्या नेमक्या बांधांच्या माथ्यांच्या जागा. १९८४-८५ च्या हिवाळ्यांत अलास्काच्या ईशान्येकडील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रात, जमिनीत लहरी सोडून तेल शोधण्याच्या सर्वेक्षणासाठी गेलेल्या वाहनांच्या खुणा कित्येक दशकांनंतरही ओळखू येत होत्या.

प्रश्न : कॅरिबूंसाठी (उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरसाठी) एवढा मोठा प्रदेश मोकळा आहे. किनाऱ्याची थोडी पट्टी तेलासाठी दिली तर ते जरा बाजूला सरकणार नाहीत का?

सरकतील. पण सरकून जातील कुठे, ते पाहायला हवे. वाद मुख्यतः याच आश्रयक्षेत्राच्या किनारी मैदानात विणाऱ्या पोर्क्युपाइन नावाच्या कळपाचा आहे. २०१७ च्या मोजणीत या कळपात सुमारे २ लाख १८ हजार कॅरिबू होते. माद्या जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, थोड्या दिवसांत एकदम वितात. हिवाळ्याने वाळलेल्या मादीला त्याच वेळी दुधासाठी प्रथिने लागतात. ती मिळतात बर्फ वितळताच वर येणाऱ्या कापूसगवताच्या कळ्यांतून आणि पाठोपाठ फुटणाऱ्या विलोच्या पालवीतून. लांडगे, तपकिरी अस्वले आणि सोनेरी गरुड डोंगरपायथ्याशी जास्त, सपाट मैदानात कमी. जूनअखेर डास उठले की समुद्रावरचा वारा उपयोगी पडतो. वाऱ्यात डासांना उडणे जमत नाही. खाणे, सुरक्षितता आणि वारा अशा तिन्ही गोष्टी त्या काही आठवड्यांत या एकाच पट्ट्यात मिळतात. ब्रूक्स पर्वतरांग इथे समुद्राच्या जवळ आलेली असल्याने मैदान जेमतेम २५ ते ६० किलोमीटर रुंद आहे. पश्चिमेला ते बरेच रुंद होते, म्हणून तिकडचा अनुभव इथे लावता येत नाही.

सरकल्यावर काय होते हे निसर्गानेच दाखवले आहे. बर्फ उशिरा वितळलेल्या वर्षी माद्या मैदानात पोहोचण्याआधीच, पूर्वेला कॅनडाच्या बाजूला वितात, आणि त्या वर्षी वासरे कमी जगतात. अलास्कातल्या जुन्या तेलक्षेत्रांजवळचे निरीक्षण असे की नुकतीच व्यालेली मादी रस्त्यापासून सुमारे चार किलोमीटर लांब राहते. नर आणि मोठी झालेली वासरे एवढे बिचकत नाहीत. नळाच्या वाहिनीखाली उभ्या कॅरिबूचे छायाचित्र दाखवून ‘त्यांना काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या महिन्यातले आहे हेही सांगावे.

प्रश्न : ध्रुवीय अस्वलाची मादी बिळात विते ते समुद्राच्या बर्फावर की जमिनीवर? बिळे आधी शोधून ती टाळता येत नाहीत का?

दोन्हीकडे विते, पण जमिनीकडचे प्रमाण वाढते आहे. अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रात १९८५ ते १९९४ या काळात ६२ टक्के बिळे तरंगत्या बर्फावर होती. १९९८ ते २००४ या काळात ती ३७ टक्क्यांवर आली. टिकाऊ, जुना बर्फ कमी झाल्याचा हा परिणाम.

जमिनीवरचे बीळ म्हणजे वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या ढिगात कोरलेली खोली. सपाट मैदानात असा ढीग साचायला आडोसा लागतो, आणि तो मिळतो नदीच्या काठाला, तळ्याच्या कडेला किंवा समुद्राच्या दरडीला. सव्वा-दीड मीटर उंचीचा उभा काठही पुरतो. मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आत जाते, डिसेंबर-जानेवारीत विते. पिल्लू जन्मते तेव्हा ६०० ग्रॅमच्या आसपास असते. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येते तेव्हा १० किलोच्या पुढे गेलेले असते. या सगळ्या महिन्यांत आई काही खात नाही. त्रासामुळे ती वेळेआधी बीळ सोडून गेली, तर पिल्ले थंडीत तगत नाहीत.

बिळे शोधण्यासाठी विमानातून उष्णता टिपणारा कॅमेरा वापरतात. छत पातळ असेल तर आतल्या उबेने पृष्ठभागावर थोडी गरम जागा दिसते. छत जाड असले, वारा असला किंवा ऊन पडलेले असले की फरक पुसला जातो. अलास्कातल्या तेलक्षेत्रांत २००४ ते २०१६ दरम्यान झालेल्या अशा पाहण्यांची नंतर तपासणी झाली, तेव्हा असलेल्या बिळांपैकी निम्मीसुद्धा कॅमेऱ्याला सापडली नव्हती. सापडलेल्या बिळाभोवती १.६ किलोमीटर अंतर राखतात. न सापडलेल्याभोवती अर्थातच काही नाही. म्हणून बिळांपेक्षा आडोशाचे काठ नकाशावर उतरवून वाहनांना ते टाळायला लावणे अधिक भरवशाचे. काठ दरवर्षी शोधावे लागत नाहीत.

कॅनडात हडसन उपसागराच्या नैऋत्येला वापुस्क राष्ट्रीय उद्यानात माद्या आधी तळ्याकाठच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत, गोठलेल्या थरापर्यंत खणून बीळ करतात. मातीचे असल्याने ते वर्षानुवर्षे पुन्हा वापरले जाते. वणव्यात किंवा पर्माफ्रॉस्ट वितळून काठ ढासळला की ती जागा गेलीच.

प्रश्न : अंडी घालण्याची जागा जपली की पक्षी वाचले, असे म्हणता येईल का?

नाही. उदाहरण हंसांचेच घ्या. ते उडण्याची सगळी पिसे एकदम टाकतात आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अलास्कातल्या टेशेकपुक तलावाच्या परिसरात जुलैमध्ये हजारो ब्रँट हंस यासाठी जमतात. यात अलास्काबरोबर कॅनडा आणि रशियातून आलेलेही असतात, आणि बरेचसे त्या वर्षी वीण फसलेले. त्यांना काठावर आखूड, कोवळे गवत हवे आणि कोल्हा आला तर उतरायला मोठे पाणी हवे. हेलिकॉप्टर आले की सगळे पाण्यात पळतात. चरण्याचा वेळ जातो आणि पिसे वाढवायला लागणारी ताकदही.

समुद्री बदकांची पिसे टाकण्याची जागा आणखी वेगळी आहे. लाँगटेल्ड बदके किनाऱ्याला समांतर असलेल्या खडीच्या बेटांआड, उथळ लगूनमध्ये, म्हणजे बेटे आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात थांबतात. त्याच बेटांवर, नदीने आणून टाकलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला कॉमन आयडर ही बदके अंडी घालतात. बेट पाण्यापेक्षा फार उंच नसते, त्यामुळे वादळी लाटेत अख्खी वीण वाहून जाऊ शकते.

प्रश्न : समुद्र गोठल्यावर पाण्यातले पक्षी आणि प्राणी काय करतात?

बहुतेक दक्षिणेला जातात. उरलेल्यांचा आधार म्हणजे पॉलिनिया, म्हणजे गोठलेल्या समुद्रातले उघडे पाणी. ग्रीनलँड आणि एल्समेअर बेटाच्या मधले नॉर्थ वॉटर हे सर्वांत प्रसिद्ध. तिथे पाणी गरम असते असा समज आहे, पण मुख्य कारण दुसरे. उत्तरेच्या अरुंद सामुद्रधुनीत बर्फ अडकून कमान धरतो आणि वरून येणारा बर्फ थोपवतो. खाली तयार होणारा नवा बर्फ वारा आणि प्रवाह दक्षिणेला ढकलत राहतात. कमान धरली नाही तर वरचा बर्फ सुटून खाली येतो आणि उघडे पाणी भरवशाचे राहत नाही. या पाण्यावर कोट्यवधी लिटल ऑक पक्ष्यांची वीण अवलंबून आहे.

चष्मेवाला आयडर हिवाळ्यात कुठे जातो हे १९९५ पर्यंत कोणालाच माहीत नव्हते. उपग्रहाला संदेश देणाऱ्या यंत्रांमुळे शोध लागला. बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, बर्फातल्या फटींत हे पक्षी दाटीवाटीने बसलेले सापडले. तळातले शिंपले खाण्यासाठी ते तिथे बुड्या मारतात.

प्रश्न : स्नो गूज हंसांची संख्या वाढली ही तर चांगली बातमी. तिची चिंता का करायची?

कारण त्यांनी स्वतःचीच चराई संपवली. हिवाळ्यात अमेरिकेतल्या शेतांत भात आणि मका भरपूर मिळू लागल्याने संख्या वाढली. उत्तरेला हडसन उपसागराच्या काठी, ला पेरूज उपसागराजवळ, हे हंस वसंतात खारट दलदलीतले गवत मुळांसकट उपटून खातात. वरचे आच्छादन गेले की बाष्पीभवन वाढते, आणि खालच्या जुन्या सागरी चिकणमातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात. माती इतकी खारट होते की गवत पुन्हा रुजत नाही. रुजलेल्या कोंबालाही पुढचे हंस सोडत नाहीत. १९९९ पासून अमेरिका आणि कॅनडाने वसंतातली शिकार खुली केली, तरी उघडा पडलेला चिखल लगेच हिरवा होत नाही.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी या अधिवासांचा नकाशा करायचा आहे. काय दाखवावे?

ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा घ्या. नेहमीच्या चौकोनी नकाशात उत्तरेकडचे आकार फार ताणले जातात. रशियातले रँगल बेट (ध्रुवीय अस्वलांची बिळे, वॉलरस, २००४ पासून जागतिक वारसा), रशियातल्याच लीना नदीचा त्रिभुज प्रदेश, टेशेकपुक तलाव, कॅनडातले क्वीन मॉड गल्फ पक्षी अभयारण्य, नारव्हाल देवमाशांसाठी कॅनडातले लँकेस्टर साउंड, पांढऱ्या बेलुगा देवमाशांसाठी मॅकेंझी नदीचे मुख आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे, पक्षी अंडी घालतात ते कडे एवढे पुरे. प्राणी-पक्षी तिथे कोणत्या महिन्यांत असतात ते प्रत्येक ठिपक्याशेजारी लिहा. त्याशिवाय नकाशा अर्धवट राहील.

प्रश्न : पर्यटक म्हणून स्वालबार्डला गेलो तर कोणते नियम पाळावे लागतात?

१ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर बंधनकारक आहे. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. चुकून जवळ गेलात तर मागे फिरायचे. पक्ष्यांच्या कड्यांजवळ आवाज टाळा. तिथला ब्रुनिख गिलेमॉट घरटे बांधत नाही, उघड्या खडकावर एकच अंडे घालतो. थवा दचकून एकदम उडाला की अंडी कड्यावरून पडतात. चालताना खडक, खडी किंवा घट्ट बर्फ निवडा. पायवाट नसलेल्या ओल्या शेवाळावरून जावेच लागले तर एकामागोमाग न जाता पसरून चाला, म्हणजे एकाच रेषेत चर पडत नाही.